पहिल्या दाबात ब्रेक लागला पाहिजे: तात्यांच्या जीपच्या कामाच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२२

गाडी महिंद्राची सीजे ५०० डी, डिझेल, १९८० च्या दशकातली. उभी आहे राधानगरी तालुक्यात, तात्यांच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू नावाच्या दोन कमानी दाबून धरतात. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, त्यामुळे सगळा जोर पायाचाच. पेडल दाबलं की तेलावर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरमधून एकच लाइन निघते आणि तीच पुढे चार चाकांना फुटते. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र लाइनी असतात. एक फुटली तरी दुसरीवर गाडी थांबते. इथे एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला.

तात्यांना विचारून तक्रारी लिहून घेतल्या. पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ पत्र्याला टेकतं, दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला वर येतं. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. आणि लांब उतार उतरून आलं की ब्रेक सुटत नाही, गाडी जड चालते, पुढच्या चाकांतून जळका वास येतो. थोडा वेळ उभी केली की पुन्हा मोकळी होते.

तात्या म्हणतात, “अरं, दोन पंप मारलं की लागतोय की ब्रेक. वडापला होती तवापास्नं असंच हाय.” वडाप म्हणजे सीटवर पैसे घेऊन माणसं नेणं.

मला हे अजिबात मान्य नाही, आणि या कामाचं मोजमाप इथेच लिहून ठेवतो: ब्रेक पहिल्या दाबात लागला पाहिजे. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दुसरा पंप मारायला जो सेकंद जातो, त्यात ती शेडच्या या टोकापासून पलीकडच्या रस्त्यापर्यंत पोचलेली असते. सकाळी याच गाडीतून गल्लीतले दुधाचे कॅन संस्थेत जातात, आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर वस्तीवरचे लोक तात्यांचंच दार वाजवतात. किल्ली मी माझ्याकडे घेतली. काम होईपर्यंत गाडी शेडबाहेर जाणार नाही. दुधासाठी शेजारच्या टेम्पोशी बोलून ठेवलं.

काही उघडण्याआधी उभ्या गाडीवर पेडलची तपासणी केली. एक दाब: पेडल खाली गेलं. लगोलग तीन-चार पंप: वर आलं, पण टणक नाही, पायाखाली दबतं. पंप मारून तसंच धरून ठेवलं तर हळूहळू खाली सरकतं.

या तीन गोष्टींचे अर्थ वेगवेगळे आहेत. पंपाने पेडल वर येणं म्हणजे शू आणि ड्रम यांच्यात अंतर फार पडलंय. वर येऊनही दबणं म्हणजे लाइनमध्ये हवा. आणि धरल्यावर सरकणं म्हणजे तेल कुठेतरी जातंय, एक तर बाहेर, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आत बकेटला, म्हणजे दाब धरणाऱ्या रबरी वाटीला, वळसा घालून मागे. म्हणजे दोष एक नाही. नुसते “ब्रेक टाइट करून” भागणार नाही. आजवर तेवढंच होत आलंय.

१२ नोव्हेंबर

अण्णा आले. एसटीच्या डेपोतून मिस्त्री म्हणून निवृत्त, याच गावचे. आल्या आल्या त्यांनी चाकांकडे बघितलंसुद्धा नाही. “पयलं तेल दाव,” म्हणाले.

या जीपचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला लावलेला असतो. झाकण उघडायचं तर तळाच्या पत्र्यातली छोटी चकती काढावी लागते. तिच्यावर चिखल, शेण, पेंडीचा चुरा असा थर बसलेला. हे ठिकाण नजरेआड आहे म्हणून कुणी तेल बघत नाही, आणि बघायला कुणी उघडलंच तर वरची माती थेट तेलात पडते. आधी सगळं ब्रशने झाडलं, ओल्या फडक्याने पुसलं, मगच झाकण फिरवलं.

झाकणाला बारीक भोक असतं, टाकीत हवा जायला. ते चिखलाने बंद. तेल काळपट आणि बोटाला नको तेवढं बुळबुळीत लागलं. ब्रेक ऑइल इतकं चिकट नसतं. अण्णांनी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात ते थोडं सोडलं. चांगलं ब्रेक ऑइल ग्लायकोलचं असतं, ते पाण्यात मिसळून जातं. इथे काही भाग मिसळला आणि वर गोल गोल थेंब तरंगत राहिले. म्हणजे खनिज तेल. इंजिनाचं, गिअरचं की आणखी कसलं हे सांगता येणार नाही, पण ब्रेकचं नक्की नव्हे.

तात्यांना आठवलं: मागच्या पावसाळ्यात वाटेत तेल कमी झालं होतं, तेव्हा कुणीतरी हाताशी असलेल्या डब्यातलं ओतून दिलं होतं.

इथून पुढे कामाची दिशाच बदलली. ब्रेकमधले बकेट, होज म्हणजे लवचीक नळ्या, धुळीच्या टोप्या हे सगळं रबर ग्लायकोलच्या तेलात टिकेल असं केलेलं असतं. त्याला खनिज तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, आकार सोडतं. आणि तेल तर सगळ्या लाइनीत एकच. मास्टरमध्ये गेलं ते चारही चाकांत पोचलंय असंच धरून चालायचं.

ब्रेक न सुटण्याचं कारण आजच पक्कं करायचं ठरवलं. पेडल जोरात बऱ्याच वेळा दाबलं, उजवं पुढचं चाक जॅकवर घेतलं: हाताने फिरेना. डावंही तसंच. याची कारणं बरीच असू शकतात. पेडलच्या दांड्याला मोकळा प्ले नसेल, आतून चिकटलेला होज तेल परत सोडत नसेल, शूच्या स्प्रिंगा ढिल्या असतील, नाहीतर मास्टरमध्येच तेलाची परतीची वाट बंद असेल. पेडलला अर्धा इंच प्ले होता, म्हणून पहिलं कारण बाद. मग मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या पाइपाचा नट फडकं गुंडाळून अर्धा फेरा ढिला केला. तेल फुस्स करून आलं आणि दोन्ही चाकं एकाच वेळी मोकळी झाली. होज किंवा स्प्रिंग दोषी असती तर इथे नट सोडून चाक सुटलं नसतं. दोष मास्टरमध्येच.

मास्टर सिलिंडरच्या टाकीतून सिलिंडरमध्ये उतरणारी दोन भोकं असतात, त्यातलं पुढचं अगदी बारीक. पेडल पूर्ण सोडल्यावर बकेट त्या भोकाच्या मागे आली पाहिजे, म्हणजे लाइनमधलं जास्तीचं तेल टाकीत परत जातं. बकेट फुगली की तिचा ओठ भोकावरच बसून राहतो. उतारावर ड्रम तापतात, तेल तापतं, फुगतं. परत जायला वाट नाही, मग ते शूलाच बाहेर दाबत राहतं. ब्रेक आपला आपण लागतो, त्याने आणखी उष्णता, आणखी दाब. गाडी उभी करून थंड झाली की मोकळी. तात्यांनी सांगितलं होतं ते नेमकं असंच.

१३ नोव्हेंबर

चाकं उतरवली. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, स्टडच्या तोंडावर ‘एल’ कोरलेलं असतं. डावीकडचे नट सोडायचे तर पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. डाव्या मागच्या चाकाचा एक स्टड पिरगळून तुटलेला मिळाला. कुणीतरी नेहमीच्या दिशेने जोर लावलेला दिसतो. यादीत लिहिला.

ड्रम धरून ठेवणारे चपट्या डोक्याचे स्क्रू गंजून बसले होते. रात्रभर गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं होतं, त्यावर ठोक्याचा स्क्रूड्रायव्हर लावला आणि निघाले.

ड्रम उघडल्यावर आत जी बारीक राखाडी पूड असते ती फुंकायची नाही, हवेच्या पाइपनेही उडवायची नाही. जुन्या लायनरांत, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या अस्तरांत, ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की तिथून निघत नाही. पाणी शिंपडून ओलं केलं, ओल्या फडक्याने पुसलं, फडकी पिशवीत बांधून बाजूला. नाकाला मास्क. गॅरेजमध्ये पोरं तोंडाने फुंकर मारताना दिसतात तेव्हा जीव कासावीस होतो. शेडमधल्या दोन्ही पोरांना तेवढा वेळ बाहेर बसवलं.

उजवं पुढचं चाक: शूंना बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोप्या फुगून जागेवरून सुटलेल्या. आत तेल साचलेलं, ओघळ शूवर, लायनर तेल पिऊन काळं चकचकीत झालेलं. डावीकडे ओढण्याचं कारण हेच. उजवं चाक धरत नव्हतं, डावं धरत होतं, म्हणून गाडी डावीकडे जात होती. ओढणाऱ्या बाजूचा ब्रेक बिघडलाय असं समजून आजवर डावं चाक ढिलं केलं जायचं. त्याने ओढणं कमी झालं, आणि गाडीचा उरलासुरला ब्रेकही.

तेल प्यालेलं लायनर पेट्रोलने धुऊन, भाजून पुन्हा वापरतात. धुतल्यावर चार दिवस बरं चालतं. गरम झालं की आतलं तेल वर येतं. ते बाद.

डावं पुढचं: गळती नाही, पण बकेट तशाच फुगलेल्या, लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेलं.

१९ नोव्हेंबर

मागची चाकं.

उजव्या मागच्या ड्रममध्ये वासावरूनच कळलं, हे ब्रेकचं तेल नव्हे, एक्सलचं. सील गळतंय. सील बदलण्याआधी अण्णांनी एक्सलवरचा ब्रीदर काढून बघायला लावला. मातीने बंद. एक्सल तापला की आतली हवा फुगते, तिला वर वाट नसली की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. नुसतं सील बदललं असतं तर येत्या पावसाळ्यात पुन्हा हेच झालं असतं.

डाव्या मागच्या चाकात शू उलटसुलट बसवलेले. या गाडीत पुढच्या शूचं लायनर लांब आणि मागच्याचं आखूड असतं. गाडी पुढे चालताना ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो, म्हणून जास्त काम तोच करतो आणि झिजतोही तोच. लांब लायनर त्याच्यासाठी. इथे लांब मागे आणि आखूड पुढे. बघणाऱ्याला दोन्ही शू सारखेच दिसतात. हातात धरून शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही.

दिवसातलं सगळ्यात वाईट मागच्या एक्सलवर सापडलं. टी-जॉइंटपासून डाव्या चाकाकडे जाणारा पाइप तांब्याचा, डिझेलच्या लाइनीला वापरतात तसा, आणि टोकाला नुसतं पितळी कडं दाबून बसवलेलं. तांबं सतत हादरून कडक होतं आणि तडकतं. ब्रेकच्या लाइनीत जोरात ब्रेक मारल्यावर जो दाब येतो त्याला असा जोड पुरा पडत नाही. तिथे पोलादी बंडी पाइप हवा आणि टोकाला दुहेरी फ्लेअर, म्हणजे दुमडून पसरवलेलं तोंड हवं. पाइपाच्या वाकणावर हिरवट डाग होता, पुसला की पुन्हा ओलसर. या एका पाइपावर चार चाकांचा ब्रेक होता आणि त्या गाडीने माणसं घाटातून नेली-आणली. तात्यांना जवळ बोलावून बॅटरीच्या उजेडात दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण दोन पंपांचं म्हणणं त्यानंतर पुन्हा निघालं नाही.

२३ नोव्हेंबर, कोल्हापूर

ऑफिसातून लवकर निघून ड्रम आणि शू घेऊन शिवाजी उद्यमनगरात. इथे लेथवर ड्रम लावणं हे रोजचं काम. ओतकाम, टर्निंग, ग्राइंडिंग सगळं दोन गल्ल्यांत होतं.

ड्रमचा मूळ व्यास ९ इंच, म्हणजे २२८.६ मिलिमीटर. व्यासात दीड मिलिमीटरपर्यंत वाढ चालते, त्यापुढे ड्रम पातळ होऊन तापतो, वाकतो, तडा जातो. उजवा पुढचा २२९.४ भरला आणि गोल नव्हता, डावा २२९.०. टर्नरला सांगितलं, दोन्ही एकाच मापाला आण. २२९.७ वर दोन्ही स्वच्छ झाले. एका एक्सलवर दोन मापांचे ड्रम बसवले की पुन्हा ओढणं आलंच. मागच्यांना हलका हात पुरला.

चारही जोड्यांना नवीन लायनर रिव्हेट करून घेतलं. लायनर ॲस्बेस्टॉसविरहित मागितलं. रिव्हेटची डोकी पुरेशी खोल बसलीत ना हे प्रत्येकावर बोट फिरवून बघितलं.

स्पेअरच्या दुकानात काळजी घ्यायची एक गोष्ट: पुढचे व्हील सिलिंडर १ इंची आणि मागचे पाऊण इंची. दाब सगळीकडे सारखाच असतो, पण जोर पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो. १६ ला ९, म्हणजे पुढच्या चाकांना मागच्यांच्या पावणेदोन पटींहून थोडा जास्त जोर. ब्रेक मारताना वजन पुढे येतं, त्यासाठीच हा हिशेब. दुकानदाराने चारही चाकांना एकच किट काढून दिलं होतं. परत करून मापाने घेतलं.

घेतलेलं सामान: मास्टर सिलिंडर पूर्ण नवा, पुढचे दोन व्हील सिलिंडर नवे, मागच्यांची किट, तिन्ही होज, बंडी पाइप, एक्सलचं सील, शूच्या स्प्रिंगा, डावा उलट्या आट्यांचा स्टड, आणि डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल, सीलबंद छोट्या डब्यांत. मोठा डबा स्वस्त पडतो, पण उघडल्यावर उरलेलं तेल हवेतली ओल शोषत बसतं.

२६ नोव्हेंबर

जुना मास्टर सिलिंडर उघडला. बकेट नव्या बकेटशेजारी ठेवली तर नजरेला कळेल इतकी मोठी. बारीक भोकात तार घातली, भोक मोकळं होतं. म्हणजे ते बंद केलं होतं ते बकेटनेच. परवाचा अंदाज खरा ठरला आणि फार बरं वाटलं.

लाइनी धुणं हे आजचं मुख्य काम. सगळे पाइप दोन्ही टोकांनी सोडले, स्पिरिट सोडलं, हवा मारली. पांढऱ्या फडक्यावर तेलाचा डाग उमटेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा. रॉकेल आणि डिझेलचं टमरेल शेडबाहेर ठेवलं होतं, सवयीने कुणी पार्ट त्यात बुडवू नये म्हणून. इतकी मेहनत नवीन रबर घालण्याआधी केली नाही तर एका पावसाळ्यात तेही फुगणार.

मागच्या व्हील सिलिंडरांना बारीक पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून फिरवला. डाव्याची भिंत गुळगुळीत आली. उजव्यात एक खड्डा राहिला, नखाला अडकतो. अण्णा म्हणाले, “नख अडकतंय तितं बकेट बी फाटंल.” मागचाही एक नवीन आणायचा.

२७ नोव्हेंबर

जोडणी. बकेट, पिस्टन सगळं ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवलं. ग्रीस कुठे? बॅकप्लेटवर शू जिथे घासतो त्या ठिपक्यांवर, तेही नावापुरतं.

ड्रम आता थोडे मोठे आणि लायनर मूळ गोलाईचं, म्हणून लायनर पूर्ण टेकत नव्हतं. ड्रमच्या आत खडू घासला, शू हाताने दाबून फिरवला, जिथे खडू उमटला ती उंची कानशीने उतरवली. पुन्हा खडू. कंटाळवाणं काम आहे, पण पेडलचा निम्मा टणकपणा यातूनच येतो.

शूच्या खालच्या अँकर पिनांना कॅम असतो आणि वरती सेटिंगचे वेगळे बोल्ट. गॅरेजमध्ये फक्त वरचे फिरवतात. नवीन लायनरला दोन्ही लावावे लागतात: अँकरच्या बाजूला ५ थाऊ आणि वरच्या टोकाला ८ थाऊ अंतर, फीलर गेजने. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वरचा एक बोल्ट इतका गंजला होता की तो किती वर्षं हलला नसेल कोण जाणे. सुटला तेव्हा अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला.

३ डिसेंबर

उजवा मागचा सिलिंडर बसवला, तेल भरलं, एअर काढायला घेतली. तात्या पेडलवर, मी चाकाखाली. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी: डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. चाकामागच्या हवा सोडायच्या निप्पलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं. “दाबा”, नट सोडला, “धरा”, नट आवळला, “सोडा”. टाकी लहान आहे, लक्ष नसेल तर पटकन रिकामी होते आणि हवा पुन्हा आत जाते. म्हणून पोराला फक्त तेवढ्याच कामावर बसवलं.

मास्टर नवा नसता तर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला असता. जुन्या सिलिंडरच्या तळाचा भाग रोज वापरात नसतो, तिथे गंज बसलेला असतो. एअर काढताना पेडल पूर्ण खाली गेलं की बकेट त्या गंजावर घासून फाटते, आणि मग “काम करून आणल्यावरच ब्रेक गेला” असं होतं.

संध्याकाळी पहिला दाब: पेडल निम्म्याच्या वर थांबलं. टणक. दाबून धरून सावकाश शंभर मोजले, हललं नाही. तात्यांना बसवलं. त्यांनी सवयीने दुसरा पंप मारला आणि माझ्याकडे बघितलं. “लागला की रं पयल्यातच.”

४ डिसेंबर

मळ्याच्या सपाट रस्त्यावर. आधी चालण्याच्या वेगात, मग ताशी २०, मग ३०. नवीन लायनरला सुरुवातीला जोरात ब्रेक मारायचा नाही. मध्यम दाब, मध्ये थंड व्हायला वेळ. पहिल्या फेऱ्यांत गाडी किंचित उजवीकडे जात होती. ड्रमला हात लावण्याआधी हवा तपासली: पुढच्या दोन टायरांत बराच फरक. सारखी केल्यावर सरळ.

१० डिसेंबर

हँडब्रेक. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर छोटा ड्रम असतो. पायाचा ब्रेक गेलाच तर या गाडीत उरतो तो हाच. तो तेलात भिजलेला होता, मागचं सील गेलेलं. सील आणि लायनर बदललं, केबलला ओंगण दिलं. शेडबाहेरच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये उभी राहिली. चाकाखाली दगड ठेवूनच बघितलं.

१८ डिसेंबर

फोंडा घाट. दाजीपूरहून उतरायला घेतली, सोबत अण्णा आणि भाताची पोती, म्हणजे गाडीला रोजचं वजन.

जाण्याआधी तात्यांना एक आकडा सांगितला होता. दीड टनाची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुटणारी ऊर्जा जवळपास ७३ लाख ज्यूल; तेवढ्यात तीन लिटरच्या आसपास पाणी पूर्ण आटून वाफ होईल. ही सगळी उष्णता ड्रममध्ये घालायची की इंजिनावर सोडायची, हे गिअर ठरवतो. ताज्या डॉट ३ तेलाचा उकळबिंदू किमान २०५ अंश असतो. ओल शोषलेल्या तेलाचा १४० पर्यंत उतरतो. त्यापुढे लाइनमध्ये वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल पत्र्याला टेकतं. त्या वेळी दोन पंपही मदतीला येत नाहीत. म्हणून दुसरा गिअर, न्यूट्रल कधीच नाही, आणि ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून पूर्ण सोडायचा. पाय टेकवून ठेवायचा नाही.

खाली फोंड्यात उतरून लगेच ड्रमचं तापमान लांबून मोजायच्या यंत्राने बघितलं. पुढच्या दोघांत दहा अंशांचाही फरक नाही, मागचे त्यांच्याहून थंड. जॅक लावून चाक फिरवलं: गरम असतानाही मोकळं. ब्रेक न सुटण्याची तक्रार मिटली असं आज लिहितो.

वर येताना तात्यांच्या हातात गाडी दिली. वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, तात्यांनी ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी सरळ थांबली.

७ जानेवारी २०२३

फेरतपासणी. चाकांचे नट पुन्हा आवळले, शूचं सेटिंग एकदा घेतलं. नवीन लायनर बसताना थोडं अंतर वाढतंच. सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून बघितले, ओल नाही. टाकीतलं तेल स्वच्छ. थोडं काढून पाण्यात टाकलं: पूर्ण मिसळलं.

मास्टरच्या झाकणावरच्या चकतीला आता रबरी गॅस्केट आणि दोन खटके लावलेत, पाना न लागता उघडते. झाकणावर रंगाने लिहिलंय: “फक्त डॉट ३”. तेलाचा एक सीलबंद डबा सीटखाली, म्हणजे वाटेत कुणी दुसरं काही ओतायचा प्रश्न नको. पायाखालची टाकी असल्याने तेल दर वर्षी मे महिन्यात, पावसाआधी बदलायचं. ओढ्यातून गाडी काढल्यावर काही अंतर हलका ब्रेक दाबून ड्रम कोरडे करायचे, हे तात्यांना आणि दूध नेणाऱ्या पोराला दोघांनाही करून दाखवलं.

बाकी राहिलेलं: दोन लाइनींचा टँडेम मास्टर सिलिंडर बसवता येईल का, ते बघायचंय. पुढची आणि मागची लाइन वेगळी झाली तर एका पाइपावरची ही भिस्त संपेल. चासीवर जागा मोजली, पेडलचा दांडा नवीन करावा लागेल, पुढच्या लाइनीला वेगळा पाइप ओढावा लागेल. अण्णांच्या मते होण्यासारखं आहे. ऊस कारखान्याला गेला की मार्चमध्ये तात्यांबरोबर बसून खर्च काढायचा.